कोरी पट्टी

"सातवी?" मास्तरांनी विचारले.

पारखीबाईंनी कागदाची अरुंद पट्टी नाकाखालून दोनदा नेली, डोळे मिटले आणि नेहमीच्या ठाम आवाजात सांगितले, "फुलांचा अर्क, मवाळ. मागे जरासा पुदिना."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. सोळा वर्षांच्या सहवासात बाईंना एवढे कळले होते की मास्तर चष्मा काढतात तेव्हा वाचायचे काही नसते, सांगायचे असते.

"सातवी कोरी होती, बाई."

साबणाच्या त्या मोठ्या कारखान्यातली ही सर्वांत शांत खोली. दुहेरी काचेच्या खिडक्या, पांढऱ्या भिंती, उघडे लाकडी टेबल. त्यावर साधे कापडसुद्धा नाही, कारण कापड वास धरून ठेवते. साबणाचा प्रत्येक घाणा कढईतून उतरला की त्याचा अंश पट्ट्यांवर चढून इथे येई आणि दोन नाकांनी होकार दिल्यावरच माल पुढे जाई. दरवेळी बारा पट्ट्या. त्यांतली एक कोरी, कशातही न बुडवलेली. कुठली, ते फक्त पट्ट्या लावणाऱ्याला ठाऊक. ज्या नाकाला नसलेला वास येऊ लागतो त्याच्यावर असलेल्या वासासाठी तरी भरवसा कसा ठेवायचा, हा त्यामागचा साधा विचार होता. वर्षात तीनदा कोरी पट्टी चुकली की या टेबलाशी असलेली खुर्ची जाई आणि माणूस वेष्टनाच्या विभागात कागद गुंडाळायला बसे.

बाईंची ही दुसरी चूक होती. पहिली दीड महिन्यापूर्वीची.

"वारा आला असेल कुठून तरी," त्या म्हणाल्या.

"दुहेरी काचेतून?" मास्तरांनी चष्मा पुन्हा चढवला. "आठवी घ्या."

पारखीबाई हे काही त्यांचे खरे नाव नव्हे, पण कारखान्यात दुसरे कोणाला आठवतही नसे. कढईखालची आच दहा मिनिटे जास्त राहिली तर त्या वासावरून सांगत. जिन्यातून चढताना कोणाच्या डब्यात काय आहे हेही सांगत, त्यामुळे डब्याची अदलाबदल करणाऱ्या थट्टेखोरांची त्यांच्यापुढे डाळ शिजत नसे. अशा नाकाची मालकीण आपल्या नाकाबाबत दुसऱ्याचा सल्ला घ्यायला जाईल, हे संभवनीयच नव्हते.

सात महिन्यांपूर्वी त्यांना साधी सर्दी झाली होती. नवीन साबणाच्या चाचण्यांचा तो आठवडा. दाराशी टांगलेल्या छोट्या फळ्यावर प्रत्येकाने रोज सकाळी खडूने दोनपैकी एक शब्द लिहायचा असे: ‘उघडं’ किंवा ‘बंद’. नाक बंद असेल तर त्या दिवशी शेजारच्या खोलीत बसून जुन्या नोंदी नीट करायच्या. त्यात कमीपणा नव्हता. मात्र ज्याचे नाक त्यानेच लिहायचे, दुसऱ्याच्या नाकाबद्दल कोणी अवाक्षर काढायचे नाही, हा दंडक कारखान्याइतकाच जुना होता. आणि सलग दहा दिवस ‘बंद’ लिहिले की अकराव्या दिवशी कंपनीच्या डॉक्टरांपुढे उभे राहावे लागे.

त्या डॉक्टरांचे नावही बाईंना नको असे. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर एक हुशार, हसरी सहकारीण बसे. डॉक्टरांनी तिच्या कागदावर ‘सुगंधाची ॲलर्जी’ असे दोन शब्द लिहिले आणि आठवड्याच्या आत ती कागद गुंडाळू लागली. महिन्याभरात तिचे नाक ठणठणीत झाले, पण कागदावरचे शब्द काही बरे झाले नाहीत.

म्हणून बाईंनी रस्त्यावरच्या औषधाच्या दुकानातून नाकात टाकायच्या थेंबांची बाटली घेतली. दोन्हीकडे दोन-दोन थेंब, आणि पाच मिनिटांत नाक असे मोकळे झाले की कोणी बंद घराच्या सगळ्या खिडक्या उघडाव्यात. त्या पाच मिनिटांची चटक औषधाची नव्हती. ती स्वतःच्या हातात स्वतःचा कारभार असण्याची होती. रांग नाही, प्रश्न नाहीत, कोणाच्या कागदावर आपले नाव नाही. त्यांनी फळ्यावर ‘उघडं’ लिहिले आणि ते खरेही होते, चार तासांपुरते.

मग चार तासांचे तीन झाले. सर्दी केव्हा गेली ते कळलेच नाही, पण थेंब उतरले की नाक आधीपेक्षा घट्ट मिटे. पर्समध्ये एक बाटली, उशीखाली दुसरी, स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीमागे तिसरी. औषधाच्या दुकानातली मुलगी पहिल्यांदा म्हणाली होती, "ताई, हे तीन-चार दिवसच घ्यायचं हं." बाई म्हणाल्या, "चारच दिवस झालेत." महिन्याने पुन्हा गेल्या तेव्हाही त्यांच्या तोंडून तेच उत्तर निघाले. तिसऱ्या खेपेला मुलगी बाटली हातात धरूनच राहिली.

"ताई, तुमचे चार दिवस फार मोठे असतात."

त्यानंतर बाईंनी दुकान बदलले. मग दोन दुकाने आलटून पालटून, मग तीन.

दुसऱ्या चुकीच्या त्या दिवशी संध्याकाळी त्या घरी पोहोचल्या तेव्हा घरात शोककळा पसरावी तशी शांतता होती. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या आणि त्यांच्यापुढे त्यांचा बिस्किटांचा जुना गोल डबा उघडा पडला होता. उभे आयुष्य मुलींना शिवणकाम शिकवण्यात घालवलेल्या सासूबाई आता इमारतीतल्या लोकांचे दुखणेखुपणे निस्तरीत. डब्यात कोणाच्या उरलेल्या गोळ्या, कोणाचे अर्धे सरबत, कसलेकसले मलम असे. त्या दुपारी वरच्या मजल्यावरच्या वहिनी घसा दुखतो म्हणून आल्या, आणि सासूबाईंनी आपल्या मुलाच्या, म्हणजे बाईंच्या नवऱ्याच्या, दाढेच्या वेळच्या उरलेल्या चार कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवल्या. पहिल्याच कॅप्सूलनंतर तासाभरात वहिनींच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले. त्यांना तातडीने दवाखान्यात न्यावे लागले.

"आता बऱ्या आहेत," नवरा म्हणाला. "उद्या घरी सोडतील."

बाईंचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच तोंड सुटले. दिवसभराचा सगळा राग त्या डब्यावर निघाला.

"आई, तुम्ही डॉक्टर आहात का? दाढेचं औषध घशाला? आणि त्यांना कशाचं वावडं आहे, विचारलंत तरी? मुळात उरलंच कसं ते? पूर्ण घ्यायचं होतं ना?"

शेवटच्या प्रश्नाबरोबर नवऱ्याच्या हातातले वर्तमानपत्र चार बोटे वर चढले.

"फेकवेना गं," सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या. "चांगलं औषध. आणि कोणी दुखतंय म्हणून दारात आलं आणि तसंच परत गेलं, तर मला जेवण जात नाही. चुकलं माझं. वहिनींचे पाय धरीन मी."

"पाय धरून काय होणार? जीव गेला असता त्यांचा!"

"बोल. मान खाली घालून ऐकते आहे. आज तुझा हक्कच आहे." सासूबाईंनी मान वर केली. "फक्त आधी तुझी पर्स इकडे दे."

"पर्स कशाला?"

"आणि ती मिठाच्या बरणीमागची पण आण. मीठ मीच काढते ना रोज? सहा महिने बघते आहे. जेवणावरून दोनदा उठतेस, येतेस ती डोळे पुसत आणि खोटं ताजंतवानं हसत."

"ते साधे नाकाचे थेंब आहेत, आई. त्यांनी कोणी दवाखान्यात गेलेलं नाही."

"मग लपवतेस कशाला?"

वर्तमानपत्र आणखी वर चढले. बाईंनी पर्समधली बाटली काढून टेबलावर ठेवली.

सासूबाईंनी त्यांना पाणी दिले. "माझा डबा निदान टेबलावर असतो, म्हणून आज पकडले गेले. मी स्वतःला कधी असलं काही दिलं नाही बघ. सर्दी झाली की वाफ, उकळून कोमट केलेलं मिठाचं पाणी, आणि झोप. तीन दिवसांत हललं नाही तर डॉक्टर. स्वतःला लावलेला नियम दुसऱ्याला औषध देताना विसरले, एवढंच. तू तर स्वतःलाही लावला नाहीस."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून बाई आधी त्या पहिल्या दुकानात गेल्या. मुलगी त्यांना ओळखून सावध झाली.

"सात महिने," बाईंनी काउंटरवर तिन्ही बाटल्या मांडल्या. "चार दिवस नाही. आता काय ते सांग."

मुलीने ना दटावले, ना उपदेश केला. एका चिठ्ठीवर नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंचा पत्ता लिहून दिला आणि म्हणाली, "आजच जा, ताई. उद्यावर टाकलंत की तुम्ही चौथं दुकान शोधाल."

डॉक्टरीणबाईंनी दिवा लावून दोन्ही नाकपुड्या नीट तपासल्या. "तुमची सर्दी केव्हाच गेली. आता जे बंद होतंय ती थेंबांनीच आणलेली सूज. थेंब शिरा आवळतात, त्यांचा असर उतरला की शिरा दुप्पट फुगतात. आणि नाक मोकळं झालं म्हणजे वास कळतोच असं नाही. अस्तर लाल झालंय, ते कसला वास ओळखणार?"

"म्हणजे थेंबांच्या दुखण्यावर मी थेंबच घेत होते."

"शंभरातले नव्वद लोक हे वाक्य माझ्याकडून ऐकतात. तुम्ही स्वतः म्हणालात." त्या कागद ओढून लिहू लागल्या. "सूज उतरायला हा वेगळा फवारा देते. थेंब आजपासून बंद."

बाई टेबलाशी बसावे तशा ताठ बसल्या. "डॉक्टर, घाणा बिघडला की आम्ही सगळं एकदम बदलत नाही. एकच गोष्ट बदलतो, बाकी जशीच्या तशी ठेवतो. नाहीतर दोष कशात होता ते कधीच कळत नाही. मी उजवीकडे थेंब बंद करते आणि डावीकडे चालू ठेवते. चालेल?"

डॉक्टरीणबाई हसल्या. "चालेल. मीही कित्येकांना असंच करायला सांगते, म्हणजे निदान एका बाजूने श्वास घेता येतो. पण तुम्हाला अजून शंका आहे वाटतं?"

"शंका नाही. पुरावा हवाय. नाहीतर पुढच्या सर्दीला मी पुन्हा दुकानात जाईन. मी मला ओळखते."

"मग तारीखही ठरवा. उजवी पूर्ण मोकळी झाली की दुसऱ्या दिवसापासून डावीही बंद. आणि कारखान्यात?"

"ते मी बघते," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर त्या नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ उभ्या राहिल्या. उजवी नाकपुडी लिंपून टाकल्यासारखी झाली होती, डोके जड होते. त्यांनी खडू उचलला आणि ‘बंद’ असे ठसठशीत लिहिले. मग शेजारच्या खोलीत जाऊन नोंदींची कपाटे उघडली.

तासाभराने मास्तर आत आले आणि समोरच्या स्टुलावर बसले. साठी जवळ आलेला, शिडशिडीत, बोलण्यात काटकसरी माणूस. टेबलावरचे सगळे बाई त्यांच्याकडूनच शिकल्या होत्या.

"सात महिन्यांनी फळ्यावर खरं वाचलं," ते म्हणाले.

बाईंनी हातातल्या नोंदी खाली ठेवल्या. "तुम्हाला माहीत होतं?"

"बाई, मी काय दगड आहे? पोटासाठी गेली तीस वर्षं वास घेतो मी. रोज तुम्ही माझ्यापासून दोन हातांवर बसता. अंगाला साबण, केसांना तेल, आणि नाकाशी पुदिन्याचं सत्त्व, त्याच्या मागे रबरी टोपणाचा वास. तिसऱ्या दिवशी मी तुमच्या बाटलीचा आकार सांगितला असता."

बाई तीन दुकाने आलटून पालटून फिरल्या, घरातल्या बाटल्या बरणीमागे दडवल्या, आणि औषध घेऊन रोज बसल्या कोणाशेजारी, तर या माणसाशेजारी. आणि तो पुदिना! कोऱ्या पट्टीवर त्यांना दोन्ही वेळा आला होता तो स्वतःच्याच नाकातला वास होता.

आधी त्यांना हसू आले, मग राग. "मग बोलला का नाहीत? दोन चुका झाल्या माझ्या!"

"ज्याचं नाक त्याने लिहायचं," मास्तर म्हणाले. "आणि बोलून उपयोग नसतो. माझी पाठ आठवते? तुम्ही नवीन होतात तेव्हा. दोन वर्षं मी दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या, सकाळ-संध्याकाळ, खाऊन-न खाऊन. पाठ दुखते म्हटलं असतं तर सहा तास ताठ बसायची ही खुर्ची गेली असती. बायको बोलली, तर मी गोळ्या कोटाच्या खिशातून चपलांच्या खोक्यात ठेवल्या. एवढाच फरक पडला. शेवटी पोटातून रक्त गेलं, तेव्हा पोट बोललं."

"मला वाटलं होतं तुम्ही गावी गेला होतात."

"सगळ्यांना तसंच सांगितलं होतं." ते उठले. "दहा दिवस आहेत तुमच्याकडे. अकराव्याला कंपनीच्या डॉक्टरांकडे कागद जाईल. तो मला थांबवता येणार नाही आणि मी थांबवणारही नाही."

"थांबवूही नका," बाई म्हणाल्या.

पहिले तीन दिवस उजवीकडून श्वासाचा धागाही आत गेला नाही, आणि डावी मात्र थेंबाबरोबर उघडे, उतरला की मिटे, घड्याळासारखी. हात सवयीने पर्सकडे जाई. बाई त्याला परत आणीत. सकाळ-संध्याकाळ सासूबाई मिठाचे कोमट पाणी तयार ठेवीत आणि बाथरूमच्या दाराबाहेरून विचारीत, "काय म्हणतंय उजवं?" जणू घरात परीक्षेला बसलेले मूल होते. पाचव्या दिवशी उजवीतून शिट्टीसारखा आवाज आला. सातव्या दिवशी बाई जिना चढत होत्या आणि पायरीवरच थांबल्या. कोणाच्या तरी डब्यात भाजलेले वांगे होते. उजवीने सांगितले होते. डावी त्या वेळी घट्ट मिटलेली होती. एका चेहऱ्यावर शेजारी शेजारी दोन घाणे, फरक एकाच गोष्टीचा. पुरावा म्हणून याहून अधिक काही त्यांनी आयुष्यात मागितले नव्हते.

त्याच संध्याकाळी सासूबाईंनी डबा टेबलावर उपडा केला आणि उरलेल्या गोळ्या पिशवीत भरून औषधाच्या दुकानात नेऊन दिल्या. दुखऱ्या गुडघ्याच्या मलमाची ट्यूब मात्र त्यांनी परत डब्यात ठेवली. "ही माझी आहे, माझ्याच गुडघ्याला लावते आणि डॉक्टरांना ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "उगाच बघू नकोस अशी." वहिनींनी त्यांना माफ केले होते, पण घसा दुखला की त्या आता खालच्या मजल्यावर येत नसत, याचे सासूबाईंना वाईट वाटे आणि ते त्या लपवीत नसत.

दहाव्या दिवशी सकाळी बाईंनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिले: ‘अर्धं उघडं’.

मास्तरांनी ते दोनदा वाचले. "नियमात दोनच शब्द आहेत, बाई."

"नियमात नाक म्हटलंय. नाकपुड्या किती हव्यात ते कुठे लिहिलंय? डावीत कापूस घालते. पट्ट्या लावा."

"विचार करा. आज बसलात आणि चुकलात तर तिसरी चूक धरली जाईल. उद्या डॉक्टरांकडे गेलात तर निदान चूक नाही लागणार."

"उद्या तर जाईनच. थेंबांचं सगळं स्वतः सांगणार आहे त्यांना. पण त्यांनी काही लिहायच्या आधी माझं नाक काय म्हणतंय, ते आज लिहिलं गेलं पाहिजे."

मास्तर पाठमोरे होऊन पट्ट्या लावू लागले. त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

पहिली लिंबाच्या सालीची, दुसरी चंदनाची. तिसरीतले तेल जुने होते, हे बाईंनी सांगताच मास्तरांची पेन्सिल भरभर चालली. चौथी त्यांनी नाकाखालून एकदा नेली, दुसऱ्यांदा नेली.

"कोरी," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी लिहिले. पाच, सहा, सात, आठ नीट पार पडल्या. आता कोरी होऊन गेली होती. पुढचा रस्ता सोपा असायला हवा होता. नववी हातात आली. बाईंनी ती नेली, थांबल्या, पुन्हा नेली. काही नाही. फुले नाहीत, साल नाही, तेल नाही. आणि मुख्य म्हणजे पुदिना नाही.

"कोरी."

"चौथीला कोरी म्हणालात," मास्तर सपाट आवाजात म्हणाले. "एका फेरीत एकच कोरी असते. सोळा वर्षांत कधी दुसरी पाहिलीत?"

"नाही."

"मग दोन्हींतली एक चुकलीय. बदलायची असेल तर आत्ता बदला."

खुर्ची, टेबल, दुहेरी काचेपलीकडचे अंगण, सगळे त्या एका कागदाच्या पट्टीवर येऊन उभे राहिले. सात महिने बाईंनी जे नाही ते आहे म्हटले होते: फळ्यावर, दुकानात, घरात. त्यांनी नववी पट्टी तिसऱ्यांदा उचलली नाही; चौथीच्या शेजारी नीट ठेवली.

"चौथीवर काही नव्हतं. हिच्यावरही काही नाही. नियमात काय आहे ते तुम्ही बघा, मास्तर. मला जे येतंय तेच मी सांगणार."

मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"दोन्ही कोऱ्या होत्या," ते म्हणाले. "अर्ध्या नाकाला दुप्पट कसोटी लावली. रागावू नका."

"रागावले आहे," बाई म्हणाल्या, आणि हात पुढे केला. "दहावी द्या."

फेरी संपल्यावर त्यांनी डाव्या नाकपुडीतला कापूस काढला, पर्समधली शेवटची बाटली काढून मास्तरांच्या हातात दिली आणि फळ्याकडे गेल्या. सकाळचे ‘अर्धं उघडं’ त्यांनी पुसले नाही. त्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिले: ‘डाव्याचे थेंब उद्यापासून बंद’.